पाणकराची नात

नात्यात कोणाला सलाईन लावली आणि मी बघायला गेले, की माझी नजर आधी आजारी माणसाकडे जात नाही. बाटलीखालच्या रबरी नळीत एक काचेची कुपी असते, तिच्यात थेंब पडत असतो, तिकडे जाते. मग नळीवरच्या पेचाकडे, मग पेचाजवळ कोण बसलंय त्याच्याकडे. एवढं सगळं पाहून झालं की मी विचारते, "कसं वाटतं आता?" लोकांना वाटतं, बाई विचित्र आहे. आहेच मी.

माझे वडील अर्जुनीला शाळामास्तर होते. त्यांनी मला शिकवलं, म्हणून चार अक्षरं लिहिता येतात. ते परवा म्हणाले, "तू हे विहिरीवर बायकांना सांगत फिरतेस, त्यापेक्षा एकदा लिहून काढ. तुझा घसा वाचेल आणि एखाद्याचं माणूस." माझ्या बडबडीला ते कंटाळले असावेत. पण माणूस वाचण्याची गोष्ट खरी होती, म्हणून बसले लिहायला. औषधांची नावं मला धड येत नाहीत, ती माझ्याकडून कोणी घेऊ नयेत. जे अंगावरून गेलं तेवढं सांगते.

आमचं घर

माझं सासर केशोरीच्या वाटेवरचं एक लहान गाव. गावाला मोठा तलाव आहे, सासऱ्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते त्या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे ज्याच्या हातानं गावाचं पाणी सुटतं तो. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या भिंतीत, तुडुम असतो, पाणी बाहेर पडायचं तोंड. तो उघडायचा मामाजींनी, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती वेळ पाणी जाईल हेही त्यांनीच ठरवायचं. जी बांधी भेगाळली तिला पहिलं पाणी, मग ती भावाची असो की वैऱ्याची. आणखी एक रीत होती. पाणकरानं सोडलेलं पाणी पाणकरानंच बंद करायचं. दुसऱ्या कोणी तुडुमाला हात लावला तर गावात डोकी फुटायची वेळ येई.

घरात मी, माझे मालक, मामाजी आणि आमची वच्छी. नाव वत्सला ठेवलं होतं, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारली नाही. चार वर्षांची होती. ती माझी कमी आणि आजोबांची जास्त. सकाळी उठली की त्यांच्या खांद्यावर बसून पाळीवर जायची. पाण्यासाठी माणसं मामाजींकडे येत, हात जोडत, "पानकर, माह्या बांधीकडं पाहा ना जी," म्हणत. तेव्हा ही खांद्यावरूनच उत्तर द्यायची, "उद्या या." माणसं हसायची. मामाजींना एवढं कौतुक, की कधी कधी खरंच तिच्या शब्दाखातर उद्यावर ढकलायचे.

हैजा

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. पाऊस लवकर आवरला होता, धान निसवायला आला होता, आणि मामाजी दिवसभर पाण्यापाठी. गावात दोन घरी जुलाब-उलट्या लागल्याचं कानावर आलं होतं. मी म्हटलं, काहीतरी खाल्लं असेल. दुसऱ्याच्या आजाराबद्दल आपण किती सहज बोलतो.

सकाळी वच्छीला लागली. मी तिचं करता करता दुपारपर्यंत मलाच लागली. ज्यांनी भोगलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण अंगातलं पाणी असं जातं की आपण पुसले जातोय असं वाटतं. पायात गोळे येतात. आवाज बसतो. मी वच्छीला हाक मारत होते आणि ती मला बघत होती, कारण माझे नुसते ओठ हलत होते.

गावात मरीमायच्या पूजेची तयारी सुरू झाली. माझे मालक तसे शांत, पण त्या दिवशी ओरडले, "पूजा तुमी करा, मी गोंद्याले नेतो दोघींले." रस्त्यावर लाकडाचा ट्रक उभा होता. त्या ट्रकवाल्यानं हैजा आहे हे कळूनही आम्हाला मागे घेतलं, फक्त म्हणाला, "जल्दी बैठो." बाकी कोणी आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. या लिखाणातून त्याला नमस्कार.

मामाजी पाणी अर्ध्यावर सोडून आले आणि चालत्या ट्रकवर चढले. पाणकर पाणी वाहतं टाकून गेला, असं गावात त्याआधी कधी झालं नव्हतं.

गोंदियाला डॉक्टरांनी माझ्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. मग वच्छीची धरली. त्यांचा चेहरा मी पाहिला. वच्छीला माझ्या कुशीतून काढून त्यांनी वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा मी बसलेल्या आवाजातच रडले. आमच्याकडे लेकराचं वजन करत नाहीत, नजर लागते म्हणतात. मामाजी मध्ये पडले. "पोरगी का धान हाय, तोलून राहिले?" डॉक्टर म्हणाले, "तोलल्याशिवाय औषध किती द्यायचं ते मला कळणार नाही, बाबा." मामाजी बाजूला झाले, पण तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिले.

टिनाचा वार्ड

हैज्याचा वार्ड वेगळा होता, वर टिन आणि खाली फिनाईलचा वास. खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली. लाज वाटायची ती पहिल्या तासाभरात संपते. शेजारी कोण, पुरुष की बाई, काही सुचत नाही. माझ्या दंडात सुई होती, वच्छीच्या पायात. तिचा पाय फळीला बांधून ठेवला होता, हलवू नये म्हणून. दोघींच्या खाटा लागून होत्या. हात लांबवला की तिची बोटं लागायची.

वार्डात सकाळी झाडू, मग डॉक्टरांचा फेरा, मग गोळ्या. वच्छीची गोळी सिस्टर कागदावर ठेवून चाकूनं कापायची. मला अख्खी, तिला तुकडा. त्या तुकड्याचीही पूड करून साखरेच्या पाण्यात एक चमचा, तोंडानं तेवढंच. ही सिस्टर बिलासपूरकडची होती, हिंदी बोलायची, रागीट होती. मला ती पहिल्या दिवशी मुळीच आवडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मी न सांगता माझे केस विंचरले. उलटीनं चिकटलेले केस, कोणी हात लावला नसता. मग वच्छीच्या दोन इवल्या वेण्या घातल्या, पट्टीच्या कापडाच्या चिंधीनं बांधल्या. वच्छी डोळे मिटून होती, पण वेणी घालताना तिनं डोकं सरळ धरलं. मुलीची जात, मी मनात म्हटलं, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

माझी बाटली पहिल्या दिवशी धारेनं सोडली होती. एक संपली की दुसरी. वच्छीची सुरुवातीला जरा जोरात दिली, मग डॉक्टरांनी येऊन पेच आवळला आणि सिस्टरला थेंब सांगितले. सिस्टर हातातल्या घड्याळाकडे बघत कुपीतले थेंब मोजायची, ओठ हलवत. पेच केसभर फिरवायची, पुन्हा मोजायची. दर खेपेला तसंच. मला ते बघून बरं वाटायचं. आपल्या लेकरासाठी कोणी इतकं मोजतंय, असं.

मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "मेरा इतना जल्दी, उसका इतना धीरे काहे?"

ती म्हणाली, "तू बडी है, तेरा कलेजा बडा है. ये तेरी चौथाई भी नहीं. जितना इसका वजन, उतना ही पानी. ज्यादा जाएगा तो छाती में भर जाएगा." मग मामाजींकडे वळून, पेचाकडे बोट करून, "बाबा, इसको हाथ मत लगाना. कुछ भी हो, मेरे को बुलाना."

मामाजींनी मान हलवली. हिंदी त्यांना कळत होती. बोलणं सगळं कळलं होतं, हे मला नंतर समजलं. ती गेल्यावर ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "सून, तुझे डोरे वर आले. पोरीचे अजून खोलच हायत. तुले धो धो, न तिले थेंब थेंब. हे काऊन?"

मी म्हटलं, "मामाजी, सिस्टर सांगते ना."

"तिले पान्यातलं का समजते?" ते म्हणाले.

हे मी राग धरून लिहीत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसानं नुसत्या नजरेनं ओळखलं की कोणत्या बांधीला किती पाणी हवं, आणि ज्याची नजर कधी चुकली नाही, तो बिलासपूरच्या पोरीचं का ऐकेल?

ती दुपार

तिसऱ्या दिवशी मालक गावी गेले होते. बैलांना चारापाणी कोणी करत नव्हतं आणि तुडुम उघडाच राहिला होता. सकाळी डॉक्टरांनी वच्छीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि मान डोलावली. म्हणाले, "सुधारते आहे. कल तक बैठेगी." हे मी कानांनी ऐकलं आहे. कल तक बैठेगी. ते ऐकलं आणि मला इतकी गाढ झोप लागली, जशी बाळंतपणानंतर लागते.

जागी झाले ती सिस्टरच्या ओरडण्यानं. दुसऱ्या खोलीत एकदम चार आजारी आले होते म्हणून ती तिकडे होती, आणि आता धावत येऊन वच्छीच्या नळीचा पेच आवळत होती. वच्छीची बाटली रिकामी झाली होती. सकाळी मी पाहिली तेव्हा भरलेली होती. वच्छीचा श्वास वाजत होता, घरघर, आणि तोंडाला फेस. सिस्टरनं तिला उचलून बसती केली, पाठ चोळली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आणखी एक दिलं. मी खाटेवरून उतरायला गेले आणि पडले. कोणीतरी मला धरलं.

"पेच किसने खोला?" सिस्टर ओरडली. मामाजी वच्छीचा बांधलेला पाय धरून रडत होते.

दिवस मावळायच्या आत वच्छी गेली. वेण्या तशाच होत्या.

तिला गावी नेता आलं नाही. हैज्याचं माणूस नेऊ देत नाहीत. दवाखान्याच्या दोन माणसांबरोबर मामाजींनी तिला पांगोली नदीच्या काठी पुरलं. मी खाटेवर होते, दंडात सुई घेऊन. माझ्या लेकरावर माती पडली तेव्हा माझ्या अंगात पाणी चाललं होतं. मला ती सुई उपटून टाकायची होती, आणि सिस्टर माझा हात धरून बसली होती. किती वेळ ते माहीत नाही. तिलाही रडू येत होतं, पण ती रागीटच दिसत होती.

मला घरी सोडायच्या दिवशी तिनं मला सांगितलं. "बीमारी से नहीं गई. पूरा पानी एकदम चला गया, छाती भर गई. किसी ने पेच खोला था. मैं किसी का नाम नहीं लूंगी." मग माझे केस विंचरले.

छोटी गाडी

परत येताना आम्ही तिघं होतो, अर्जुनीच्या छोट्या गाडीत, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेत. मालक मला घ्यायला आले होते. त्यांना पोरगी गेल्याचं दवाखान्याच्या दारात कळलं होतं. मामाजीच बोलत होते. सौंदड गेल्यावर ते म्हणाले, "मी तं पानी पुरं खोललो होतो. पोरगी वाचलीच होती. थे बाई आली न बंद करून टाकलन. बंद केलन न पोरीचा दम अटकला. माह्या डोऱ्यासमोर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात कसलीच लबाडी नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते सांगत होते: पाणी होतं तोवर पोरगी होती, बंद झालं आणि गेली.

मी खिडकीबाहेर तोंड केलं. तेव्हा मला ओरडायचं होतं, त्या डब्यात, सगळ्यांसमोर. एवढा राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. आणि त्याच वेळी ते माझ्या अंगावर स्वतःचं उपरणं टाकत होते, वारा लागतो म्हणून.

घरी आल्यावर मी मालकांना सांगितलं. ते गोठ्यात होते. सगळं ऐकून ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबाले सांगू नको."

"काऊन?"

"सांगशील तं ते तलावात उडी घेईल. पोरगी गेली, आता बाप घालवू?"

मी कबूल केलं. कबूल करणं सोपं होतं, त्याच घरात राहणं अवघड. मामाजींचं ताट मी तोंड फिरवून वाढायची. कधी मीठ जास्त पडायचं, कधी मुद्दाम टाकायची. ते तसंच खायचे. नवऱ्याशीही धड बोलणं उरलं नाही, कारण बोलायला गेलं की तेच ओठांवर यायचं. आजार उतरला तरी घर पुढे कित्येक दिवस आजारीच असतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

मामाजींचं सांगणं

मामाजी मात्र सगळ्यांना सांगत होते. पाळीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, जो भेटेल त्याला. दवाखान्यात पाणी देतात आणि मध्येच बंद करतात, माझी नात तशीच मारली. पाणकराचा शब्द गावात हलका नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरातल्या सुनेला हैजा झाला. पोटात लेकरू होतं तिच्या. मी तिच्या सासूला म्हटलं, गोंदियाला न्या. ती म्हणाली, "तुझाच सासरा सांगते ना, का करतेत तिथं?" त्यांनी नेलं नाही. दोन दिवसांत ती गेली.

मी मालकांना म्हटलं, "आता तरी सांगू?" ते म्हणाले, "नाई."

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी मालक एका लग्नाचं जेवण करून आले आणि त्यांनाच लागली.

पुन्हा तोच वार्ड

मामाजी दारात आडवे उभे राहिले. "माझा पोरगा मी तिथं नेऊ देनार नाई." मी त्यांना ढकललं. सासऱ्याला सुनेनं हात लावून ढकललं, असं आमच्याकडे कोणी ऐकलं नसेल. ढकललं आणि अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी जुंपायला सांगितली. मग ते गाडीत येऊन बसले. म्हणाले, "नेतेस तं ने. पन बाटलीपाशी मी बसीन. या खेपेले कोनाले बंद करू देनार नाई."

टिनाचा वार्ड तसाच होता आणि सिस्टरही तीच. तिनं मला ओळखलं, मग मामाजींना. मालकांची नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी बाटली जोरात सोडली, आणि दुपारपर्यंत त्यांचे डोळे उघडले, लघवी झाली. मग सिस्टरनं घड्याळ काढलं, पेच हळूहळू आवळत थेंब मोजू लागली, आणि मामाजी उभे राहिले.

"पाहा," ते मला म्हणाले, "बंद करून राहिली."

"बंद नाई जी, कमी करून राहिली."

"तवाही हेच केलन."

सिस्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाबा को बाहर बिठाओ. मैं चार वार्ड देखती हूं, हर घडी यहां नहीं रह सकती." तिच्या बोलण्यावरून मला कळलं की तिला केव्हाच सगळं समजलं होतं. ती पुढच्या खाटेकडे गेली. मामाजी बाटलीजवळ सरकले. त्यांचा उजवा हात नळीवर होता, अंगठा पेचावर. मालक झोपेत होते. त्यांना विचारून मी काय करणार होते? ते नाहीच म्हणाले असते.

मी म्हटलं, "मामाजी, हात काढा."

"मी पानकर हाओ, पोरी."

"हात काढा. वच्छी पानी बंद केल्यानं नाई गेली. पानी जास्त झाल्यानं गेली. तुमी खोललं त्यानं."

मग मी सगळं सांगितलं. वजन कशाला केलं, थेंब कशाला मोजत होते, छातीत पाणी कसं भरतं, सिस्टरनं बंद केलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले होते ते मी सांगणार नव्हते, पण तेही तोंडातून गेलं. "उद्या बसनार होती ती, मामाजी." हे मी सांगायला नको होतं. ते मला आजही वाटतं.

त्यांनी हात काढला. रडले नाहीत, ओरडले नाहीत. खाटेपासून लांब, भिंतीशी जाऊन जमिनीवर बसले आणि दोन्ही हात काखेत धरले. मालक बरे होईपर्यंत ते तसेच बसायचे. एकदा सिस्टरनं बाटली बदलताना, "बाबा, जरा पकडो," म्हणून रिकामी बाटली पुढे केली. त्यांनी हात बाहेर काढला नाही. मी धरली.

त्यानंतर

मालक वाचले. ते आजही मला म्हणतात, सांगितलंस ते बरोबर केलंस, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

मामाजींनी तलावात उडी घेतली नाही. त्यांनी दुसरंच केलं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ते शेजारी गेले, ज्यांची पोटुशी सून गेली त्यांच्याकडे. अंगणात उभे राहून म्हणाले, "मी तुमाले खोटं सांगतलो होतो. माझी नात बाईनं नाई मारलन. मी मारलो. पानी खोललो मी." त्या घरातली म्हातारी आत गेली आणि दार लावून घेतलं. ते पुढच्या घरी गेले. ज्या ज्या घरी त्यांनी पहिलं सांगितलं होतं त्या प्रत्येक घरी गेले, मग बाजाराच्या दिवशी केशोरीला गेले, नात्यातल्या गावांना गेले. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. काही जण हसले. पण त्या पावसाळ्यात आमच्या गावातून तीन माणसं गोंदियाला गेली आणि तिन्ही परत आली.

दसरा जवळ आला, धान निसवला, गावकरी पाणी सोडायला बोलवायला आले. मामाजी म्हणाले, "दुसरा पाहा." कोणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

ज्यांच्या घरी सलाईनची वेळ येईल त्यांना माझं सांगणं इतकंच, की पेचाला हात लावू नका, आणि ज्याचा जीव सर्वांत जास्त अडकलाय त्याला बाटलीजवळ एकटं बसवू नका. तो वाईट असतो म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट उरली आहे. ती मला मामाजींनी सांगितली, त्यांचं शेवटचं दुखणं सुरू होण्याआधी. मी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते. ते खाटेवर पडून होते. ते म्हणाले, "पोरीनं पानी मांगलं होतं."

"कवा, मामाजी?"

"त्या दुपारी. तू झोपून होती. डोरे उघडले तिनं, न म्हनली, आबाजी, पानी द्या. सिस्टरनं सांगतलं होतं, तोंडानं देऊ नोका, उलटी होईल. मंग मी कुठून देऊ, सून?"

त्या दुपारी मी तिच्या हाताच्या अंतरावर होते. हात लांबवला असता तर तिची बोटं लागली असती. पण तिनं मला उठवलं नाही. सगळं गाव ज्याच्याकडे पाणी मागायचं, त्याच्याकडेच तिनंही मागितलं. आणि त्यांनी तिला उद्या ये म्हटलं नाही.